वाटेत हरवलेले तीस व्होल्ट

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या देवस्थान समितीचे प्रमुख अप्पासाहेब नेवगी, मालवणहून खाडी ओलांडून मुद्दाम आलेले डॉक्टर रेगे, आजचे सत्कारमूर्ती आपले वालावलकर मास्तर, व्यासपीठावर बसलेले आणि बसायला जागा न मिळाल्याने व्यासपीठाला टेकलेले मान्यवर, समोरचे समस्त आडबंदरवासी बंधू आणि भगिनी, आणि खिडकीच्या गजांत पाय अडकवून बसलेल्या बालमित्रांनो,

मला या ठिकाणी बोलायला कोणी उभं केलं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. अप्पांच्या मनात तर तो स्पष्ट दिसतो आहे. मघाशी माझं नाव पुकारलं तेव्हा अप्पांनी मास्तरांकडे पाहिलं आणि मास्तरांनी अप्पांकडे. म्हणजे अप्पांना वाटतं मास्तरांनी माझं नाव घातलं, आणि मास्तरांना वाटतं अप्पांनी. दोघांनीही घातलेलं नाही. कोणी घातलं ते शेवटी सांगतो. तोवर दोघांनी एकमेकांवर संशय घ्यायला हरकत नाही. या गावात त्याची सवय सर्वांना आहे.

मी भाई तारकरांचा गुरुदास. शाळा सातवीत मला सोडून गेली. त्यानंतर मी आरोंद्याच्या खाडीवर होडी हाकली, कुडाळच्या बाजारात कंगवे विकले, एका फिरत्या सिनेमावाल्याबरोबर तंबू बांधत बेळगावपर्यंत गेलो. तो सिनेमावाला फार संशयी माणूस. तंबूला भोक दिसलं की त्याला वाटे, कोणी फुकट बघतंय. एकदा त्याने भोकाला डोळा लावला, तर पलीकडून एक म्हैस त्याच्याकडे बघत होती. पण ते असो. डॉक्टरसाहेब घड्याळ बघताहेत.

मंडळी, माझी एक विनंती आहे. माझ्या डाव्या हाताला भिंतीवर जो लाकडी फळा आहे, त्याच्यावर दोन घड्याळांसारखे डबे आहेत. एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. इंजिन या शाळेच्या मागच्या खोपटात, पण त्याचे काटे या मोठ्या वर्गात, हा मास्तरांचा हट्ट. मुलांनी येता जाता काटे वाचावेत म्हणून. आता या क्षणी व्होल्टचा काटा एकशे दहावर आहे आणि अँपिअरचा आठावर. अप्पा, आपण आठ वाचलंत ना? लवू, तू? लवू गुरवाने मान हलवली. ठीक. लक्षात ठेवा.

आता मास्तरांविषयी.

मास्तर आले तेव्हा त्यांच्याविषयी प्रथम संशय आला तो मलाच. राजापूरकडचा माणूस, पदवी विज्ञानाची, आणि मालवण, कुडाळ सगळं सोडून आडबंदरला येतो? का? मी त्यांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "समुद्र बघायचा होता." कोणावर विश्वास बसेल? समुद्र काय राजापूरला कोणी झाकून ठेवला आहे? आज ते रत्नागिरीच्या तंत्रशाळेत चालले आहेत. मी पुन्हा विचारलं, का? म्हणतात, "तिथे माझी आई असते." हे उत्तर चांगलं आहे. जरा जास्तच चांगलं आहे. ज्या महिन्यात गावाच्या चार मोठ्या माणसांची तोंडं खाली गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यात ज्याने ती खाली घातली त्याला आईची आठवण यावी, यात कोणाला काही वाटत नाही? मला वाटतं. पण अध्यक्षमहाराज माझ्याकडे बघताहेत, तेव्हा मी म्हणतो की मास्तरांच्या मातोश्रींना उदंड आयुष्य लाभो.

तोंडं खाली कशी गेली, हे डॉक्टरसाहेबांना ठाऊक नाही. पाहुण्यांना अंधारात ठेवणं बरं नव्हे, म्हणून थोडक्यात सांगतो.

आपण सर्वांनी मिळून, मुंबईच्या गावकऱ्यांनी हातभार लावून, रवळनाथाच्या देवळात वीज नेली. इंजिन इथे, देऊळ पलीकडच्या टोकाला, मधे खांब. वाटेवरच्या चार घरांना एकेक दिवा. त्यातलं एक घर नर्मदाकाकीचं, भेंडीच्या झाडाजवळच्या वळणावर. काकीचा दिवा ओटीवर. संध्याकाळी काकी पोथी वाचायची आणि वाडीतल्या बायका ऐकायला जमायच्या. माझी आई वर्षभर एक दिवस चुकली नाही. घरी आल्यावर आम्हाला पोथी सांगायची नाही, काकीकडे कोण कोणाशी बोललं नाही ते सांगायची. पण समाधानाने सांगायची.

पहिलं वर्ष देवळात दिवे लख्ख. नंतर पावसाळा सरला आणि दिवे लाल व्हायला लागले. आरतीच्या वेळी देवाचं तोंड दिसेना. बाबलीला, म्हणजे आपल्या इंजिनवाल्याला, धरलं. बाबली म्हणाला, "इंजिन माजा गरीब आसा. देवचा तेवढा देता. मदी कोण खाता ता माका विचारू नकात."

मधे कोण खातं! मंडळी, हे वाक्य गावात सोडायचं नसतं. त्या दिवसापासून लाइनीवरच्या चारही घरांच्या दारांवर डोळे लागले. मी स्वतः तिन्हीसांजेला चार फेऱ्या मारायचो. आणि त्याच सुमाराला लवू गुरवाच्या नाकाने गावाची मोठी सेवा केली. लवू, उठू नकोस, मी चांगलंच बोलणार आहे. लवू समितीपुढे आला आणि म्हणाला, "अप्पानू, काकीच्या वळणार मासो तळल्याचो वास येता. सोमवार म्हणूक नाय, एकादस म्हणूक नाय. दिवे पेटले काय वास."

वास खरा होता. मी घेतला आहे, अप्पांनी घेतला आहे. मोरी मासा तापल्या तव्यावर टाकावा तसा वास, दिवे लागले की सुरू, इंजिन थांबलं की बंद. आणि काकीच्या मुलाने गणपतीत मुंबईहून विजेची शेगडी पाठवली होती, हे साऱ्या वाडीने पाहिलं होतं. पेटी उतरवायला माझाच हात लागला होता. आता दोन आणि दोन कोणाला जोडता येत नाहीत? सातवी नापासालाही येतात.

समितीने काकीला बोलावलं. काकी आली, पदर खोचून उभी राहिली. म्हणाली, "माका मासो खावचो आसलो तर चुलीवर भाजून खाईन. त्येका तुमची वीज कित्याक व्हयी? शेगडी पेटयेत आसा. तेचो कागदसुद्धा मी फाडूक नाय."

अप्पा फार सौजन्याने म्हणाले, "काकी, कोणी तुमचं नाव घेतलेलं नाही."

काकी म्हणाली, "मगे माका बोलावलास कित्याक?"

या प्रश्नाला समितीने कृतीनेच उत्तर दिलं. तिची तार तोडली.

आणि मंडळी, देवळातले दिवे लालच राहिले. वासही राहिला. झालं. आता लोक म्हणायला लागले की काकीने चोरून दुसरी तार टाकली आहे. बायका ओटीवर जाईनाशा झाल्या. आईला विचारलं, तर म्हणाली, "पोथी काय, घरातय वाचूक येता." आईला वाचता येत नाही.

तेव्हा मास्तर मधे पडले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांनी शाळेच्या कपाटातला व्होल्टमीटर काढला, मला टोपली धरायला लावली आणि आम्ही देवळात गेलो. इथल्या फळ्यावर व्होल्ट एकशे दहा. देवळात ऐंशी. म्हणजे तीस व्होल्ट वाटेत हरवले. इथल्या फळ्यावर अँपिअर दहा. मास्तर सर्वांसमक्ष सभामंडपाच्या फरशीवर खडूने गणित करायला बसले. म्हणाले, "व्होल्ट म्हणजे रेटा. अँपिअर म्हणजे वाहणं. दोघांचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे दर क्षणी किती काम होतंय ते. तीस गुणिले दहा?"

"तीनशे," मी म्हणालो. मला गुणाकार येतो. भागाकाराशी माझं जमलं नाही.

"तीनशे वॅट वाटेत खर्च होताहेत. त्यातले पन्नास तार स्वतः खाते, ते पहिल्या दिवसापासून आहेत. उरले अडीचशे."

अप्पा म्हणाले, "मास्तर, ह्या अडीचशांत काय चालतं?"

मास्तर म्हणाले, "शेगडी दाखवा."

काकीची पेटी देवळाच्या पायरीवर आणली. कागद खरोखरच फाडलेला नव्हता. पण मुंबईचा कागद पुन्हा नीट दुमडता येतो, हे लवूने लगेच सांगितलं. शेगडीच्या बुडाला पत्र्याची पट्टी होती: दोनशे वीस व्होल्ट, हजार वॅट. मास्तरांनी फरशीवर मांडलं. हजार भागिले दोनशे वीस, साडेचारच्या आसपास अँपिअर. दोनशे वीस व्होल्टना साडेचार अँपिअरने भागलं की तिचा रोध, जवळजवळ अठ्ठेचाळीस ओहम. "रोध म्हणजे अडवणूक," मास्तर म्हणाले. "व्होल्ट बदलले तरी शेगडीची अडवणूक साधारण तीच राहते. आपल्याकडे रेटा एकशे दहाचा, म्हणजे निम्मा. वाहणंही निम्मं, सव्वादोन अँपिअर. आता गुणा. एकशे दहा गुणिले सव्वादोन."

आणि मास्तरांचा खडू थांबला.

उत्तर आलं अडीचशे. त्याहून जरासं कमी.

मंडळी, म्हणजे काय झालं बघा. मुंबईची हजाराची शेगडी आपल्या विजेवर लावली तर बरोबर तेवढीच वीज खाईल, जेवढी हरवली होती. लवूने घंटेकडे पाहिलं, जणू वाजवायचीच बाकी होती. काकी फरशीवरचे आकडे बघत होती. तिला ते कळत नव्हते, पण आमची तोंडं कळत होती. ती मास्तरांना एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमीसुद्धा?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता खडू खिशात टाकून घरी जाईल. मास्तरांनी आकड्यांखाली रेघ ओढली. मग म्हणाले, "काकी, माझा एक आकडा घ्यायचा राहिलाय. मी अँपिअर शाळेतले घेतले. देवळातले घेतलेच नाहीत."

लवू म्हणाला, "थंय दहा तर हंय दहा. वेगळे कशे असतले?"

"तेच तर बघायचंय," मास्तर म्हणाले. "लवू, तुमच्या बागेत पाट आहे. मधे कोणी बांध फोडून पाणी वळवलं, तर शेवटच्या माडाला पाणी कमी पोचेल की नाही?"

"पोचात ना कमी."

"आणि कोणी फोडला नाही, पण पाटात गाळ भरला, तर?"

लवू विचारात पडला. बागाईतदार माणूस. म्हणाला, "तर वरसून जोर लावचो लागतलो. पण पाटात जा शिरला ता शेवटाक पोचात."

"मग काकीने बांध फोडलाय की पाटात गाळ आहे, ते देवळातला अँपिअर सांगेल. मधे सव्वादोन कोणी घेतले असतील तर इथे पावणेआठ दिसतील."

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. आता कोणावर कोणाचा विश्वास? या फळ्यापुढे अप्पा स्वतः बसले, कारण बाबलीवर त्यांचा विश्वास नव्हता. अप्पांच्या शेजारी मी बसलो, कारण माझा अप्पांवर. लवू काकीच्या अंगणात पहारा करायला बसला आणि काकी लवूवर पहारा करायला त्याच्यासमोर बसली. बाकीच्या तीन घरांनी बटणं बंद ठेवली. मास्तर देवळात अँमीटर लावून बसले. खूण शंखाची ठरली. शंख वाजला की काटा वाचायचा.

शंख वाजला. अप्पांनी चष्मा सावरला आणि वाचलं, दहा. आम्ही दोघे देवळात गेलो.  मास्तरांनी अप्पांना काट्यापुढे उभं केलं. अप्पांनी पुन्हा चष्मा सावरला. दहा.

जेवढं इथून निघालं तेवढं सगळं देवळात पोचत होतं. वाटेत कोणी अर्धा अँपिअरसुद्धा घेतला नव्हता.

एक मिनिट... नर्मदाकाकी उठली वाटतं. मागे जरा वाट द्या. काकी, पायरीवर ओल आहे, सांभाळून जा. काही नाही अप्पा, काकींना घरी काम असेल. आपण बसावं.

तर, पाटात गाळ होता. तीस व्होल्ट भागिले दहा अँपिअर, तीन ओहम. त्यातला अर्धा ओहम तारेचा स्वतःचा. उरलेला अडीच ओहम कुठला? मास्तर म्हणाले, "अडवणुकीत जी वीज मरते ती उष्णता होऊन बाहेर पडते. जिथे तार गरम, तिथे चोर." बाबलीने इंजिन थांबवलं आणि भेंडीजवळच्या खांबाला शिडी लावली. तिथे तारेचं एक वेटोळं संपून दुसरं सुरू होतं, म्हणून जोड जास्त. बाबलीने जोडाला बोट लावलं आणि एक शब्द उच्चारला, जो या व्यासपीठावरून सांगता येत नाही. मग बोट नाकाशी नेलं आणि म्हणाला, "मोरी!"

डॉक्टरसाहेब, आमच्या किनाऱ्यावर कुठलंही नवं धातूचं काम मोरी माशाचं तेल चोपडल्याशिवाय खाऱ्या वाऱ्यात ठेवत नाहीत. नांगर, बिजागरी, या शाळेची घंटासुद्धा. तार ओढली तेव्हा तारवाला दोन खांब करून तापाने आडवा झाला, आणि बाकीचे जोड गावाने हौसेने केले. अप्पांनी आपल्या पडावाचा, म्हणजे मालाच्या होडीचा, तेलाचा डबा उदार मनाने दिला. आम्ही तांब्याचे तंतू एकेक सोडवले, एकेकाला तेल पाजलं आणि मग पीळ दिला. लग्नातल्या नवऱ्याला हळद लावावी तसं. ते तेल आतल्या आत सुकून लाखेसारखं झालं, त्यात खारं पाणी शिरलं, आणि प्रत्येक जोड म्हणजे एक छोटी शेगडी झाली. मासा तळत होता, लवूचं नाक खरं होतं. तळत होता तो खांबावर, अप्पांच्या डब्यातला.

मास्तर तेव्हा हसले असते तर चाललं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी काचकागदाने प्रत्येक जोड घासून घेतला, कथील वितळवून डाख दिला, आणि अप्पांना म्हणाले, "आता तेल लावा अप्पासाहेब. वरून. पद्धत तुमची बरोबरच आहे." काकी शिडीखाली उभी होती. ती लवूला म्हणाली, "आता माजी शेगडी पेटयेत घाल. कागद होतो तसो दुमड. तुका येता मां?"

त्या संध्याकाळी देवळात एकशे पाच व्होल्ट आले आणि देवाचं तोंड दिसलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही. काकीची तार जोडायची तर ती चुकून तोडली असं समितीने म्हणायला हवं. समिती म्हणाली, विचार करू. मागच्या बैठकीत म्हणाली, पुढच्या बैठकीत. आणि बायका? देवळातले दिवे लख्ख झाले तरी ओटीवर एकही परत गेली नाही. तार अजून तुटलेली आहे ना, मग काहीतरी असेलच, असं माझ्या आईचं मत. तुटलेली तार एवढं बोलते. काकी कंदिलावर एकटीच वाचत होती, मोठ्याने, कोणी कुंपणापाशी थांबून ऐकेल म्हणून.

परवा समितीच्या बैठकीत अप्पा मोठ्या मनाने म्हणाले, "मास्तर जाताहेत, त्यांची काय इच्छा असेल ती त्यांनी सांगावी, गाव पुरी करील." अप्पांना वाटलं, मास्तर ग्रुप फोटो मागतील. मास्तरांनी तेव्हा फक्त नमस्कार केला. नंतर बाहेर येऊन त्यांनी इच्छा सांगितली ती बाबलीला. आज दुपारी, इंजिन बंद असताना, बाबलीने ती पुरी केली. डाख देऊन. वरून तेल लावून.

आता माझं नाव कोणी घातलं ते सांगतो. काकीने. ती म्हणाली, "गुरुदासा, तू बोलाक उठ. तू एकदा सुरू झालंस काय संपणस नाय. माका घराक जावक वेळ गावतलो. आणि तेवढ्यात अप्पा आणि लवू काट्यासमोर बसलेले असतले."

अप्पा, कृपा करून फळ्याकडे बघा. मी नाही वाचत, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? आपणच मोठ्याने वाचा.

साडेआठ. अध्यक्षांनी साडेआठ वाचलं. लवू, तू? साडेआठ.

मघाशी आठ होता. अर्धा अँपिअर कोणीतरी आत्ता घेतला. संशय घ्या मंडळी, खुशाल घ्या, पण मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे गुणा. एकशे दहा गुणिले अर्धा, पंचावन्न. काकीच्या बल्बवर साठ लिहिलेलं आहे आणि हा काटा पाच-दहा वॅटचं खोटं बोलतो, हे मास्तरांनीच सांगितलंय. शेगडी असती तर काटा सव्वादहाच्या पुढे गेला असता. एकशे दहा भागिले अर्धा, दोनशे वीस ओहम. हा भागाकार मला आजच आला. एवढी अडवणूक पेटलेल्या दिव्याच्या तारेची असते. एका दिव्याच्या. ओटीवरच्या.

मास्तर, आपण रत्नागिरीला का चाललात, यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. पण हा फळा आपण इथे ठेवून चाललात, त्यावर आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, डॉक्टरसाहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं, बाबलीने इंजिन एकदाही खोकू दिलं नाही, या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. माझ्या बोलण्यात कुठे जोड सैल राहिला असेल, कुठे नको तिथे तेल लागलं असेल, तर अप्पांनी ते पोटात घालावं आणि मास्तरांनी जाता जाता डाख द्यावा. आणि मागच्या रांगेतल्या बायका उठायला लागल्या आहेत, त्यांना कोणी बसा म्हणू नका. आये, तू पुढे जा. माझं झालंच. पोथी सुरू झाली असेल.